पाच घरची लाल झाकणं

दिलेली भेट परत मागायची कशी, हे फुसाएला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार तरी कोण? हिगाशी-ओसाकाच्या त्या गल्लीत भेट द्यायचे नियम होते, घ्यायचे होते, घेतल्यावर परतभेट कधी आणि केवढी द्यायची याचेही होते. पण दिलेलं माघारी मागणं ही गोष्टच इतकी लाजिरवाणी, की तिच्यासाठी नियम करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तरी त्या सकाळी ती भाजीवाल्या यासुइंच्या मागच्या दारात उभी होती, हातात कोरं पांढरं झाकण आणि तोंडावर ओढून आणलेलं हसू.

"तुमच्याकडे आमचं जुनं लाल झाकण असेल ना, ते द्या मला," ती म्हणाली. "हे त्याच्यापेक्षा चांगलं निघालंय. बदलून देते."

यासुइबाई मुळ्याची माती धूत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "जुन्याला काय धाड भरलीय? एक थेंब ओघळत नाही त्यातून. बदलायचंच असेल तर आमचे हे बदलून दे बाई, गळती त्यांना लागलीय."

आतून यासुइंचा खोकला ऐकू आला. फुसाए हसली, जरा जास्तच हसली, आणि शेवटी त्यांच्या ओट्यावरच्या सोया सॉसच्या बाटलीचं झाकण स्वतःच्या हातानं फिरवून घेऊन बाहेर पडली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार होता हा सगळा. गल्लीच्या वळणापर्यंत तिचे कान गरम होते.

त्या लाल झाकणात असं काय होतं? म्हटलं तर काहीच नाही. सोया सॉस ओतला की शेवटचा थेंब बाटलीच्या मानेवरून खाली येतो आणि टेबलावर तपकिरी कडं उमटतं, हे जपानातल्या प्रत्येक घरानं नशिबाचा भाग म्हणून मान्य केलं होतं. फुसाएच्या नवऱ्यानं, काजितानी मोरिओनं, ते केलं नव्हतं. आपल्या छोट्या प्लास्टिकच्या कारखान्यात आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे साचे चालवले. बादल्यांची झाकणं, साबणाच्या डब्या, कुणाकुणाच्या नावाचा माल. दिवसाचं काम उरकलं की तो बाटली घेऊन बसायचा आणि पाणी ओतून थेंबाकडे बघत राहायचा. कितीतरी हिवाळे असे गेल्यावर त्याला युक्ती सापडली: झाकणाच्या चोचीची कड आत वळवायची आणि तिच्याखाली एक बारीक चीर ठेवायची. थेंब निमूटपणे परत आत जायचा. ते जमलं त्या दिवशी मोरिओनं फुसाएच्या हातात बाटली दिली आणि ओतायला सांगितलं. एवढ्या वर्षांत त्याला इतकं खूश तिनं पाहिलं नव्हतं.

त्या झाकणाचं पेटंट मिळालं, सोया सॉसवाल्यांच्या ऑर्डरी आल्या, कारखान्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा माल निघू लागला. आणि आता तोक्योच्या एका बड्या कंपनीनं ते पेटंट रद्द करा म्हणून अर्ज ठोकला होता. रद्द झालं, तर ती कंपनी तेच झाकण आपल्या अवाढव्य कारखान्यात लाखांनी ओतणार आणि काजितानींनी पुन्हा बादल्यांकडे वळायचं, बादल्या तरी कुणी दिल्या तर.

पेटंटचे वकील सुगाया यांनी दोघांना समोर बसवून विचारलं होतं, की आपण अर्ज केला त्याच्या आधी हे झाकण कुणा परक्याच्या हाती गेलं होतं का. मोरिओनं ठामपणे नाही म्हटलं. फुसाएनंही म्हटलं. मग सुगायांनी समजावून सांगितलं, की परका म्हणजे फक्त गिऱ्हाईक नव्हे. ज्याला 'हे गुप्त ठेवा' असं सांगितलेलं नाही असा एक माणूस जरी पुरे. त्यानं पाहिलं म्हणजे जगानं पाहिलं, आणि जगानं पाहिलेल्या वस्तूवर हक्क सांगता येत नाही.

फुसाएला शेजारची पाच दारं आठवली ती तेव्हा.

कारण मोठं मशीन येणार होतं त्या वसंतात मोरिओ ते चालवायला शिकण्यासाठी नागोयाला गेला होता. मशीन आलं की गल्लीभर धडधड होणार. अशा वेळी समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन, असं पाच दारांत आधीच जाऊन वाकायचं, त्रास होईल म्हणायचं आणि हातात काहीतरी ठेवायचं, ही रीत. लोक टॉवेल देतात. पण टॉवेलांची थप्पी प्रत्येकाच्या कपाटात असते, ती कुणी उघडतही नाही. स्वयंपाकघरात एका टोपलीत मोरिओची पहिली झाकणं पडलेली होती. बादल्यांच्या प्लास्टिकचा उरलेला लाल दाणा वितळवून काढलेली, म्हणून लालभडक. नवऱ्याचा तिला अभिमान वाटत होता, तो कुठंतरी दाखवावासा वाटत होता. तिनं पाच झाकणं कागदात बांधली, वर रीतीप्रमाणे शुभेच्छेची पट्टी लावली आणि वाटून आली. पेटंटचा अर्ज गेला उन्हाळ्यात. त्यानंतर निघालं ते प्रत्येक झाकण पांढरं. म्हणजे गल्लीत कुठंही लाल झाकण दिसलं, की ते अर्जाच्या आधीचं, हे शेंबडं पोरही सांगू शकेल.

शेजारी म्हणजे परके, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या बायकांकडे तुमच्या घराची किल्ली असते, ज्यांना तुमच्या सासूची दुखणी तोंडपाठ असतात, त्या परक्या कशा? पण कायदा तोक्योत लिहिलेला होता आणि त्याला शेजार ठाऊक नव्हता.

तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो चप्पल घालून तसाच सुगायांकडे गेला असता, कारण खोटं बोलताना मोरिओची मान लाल व्हायची, लग्नाच्या बोलणीतसुद्धा झाली होती. त्याला माहीत नाही तोवर त्याचा शब्द खरा होता. खोटेपणा आपण एकटीनं करायचा, असं तिनं ठरवलं.

मासळीवाल्यांकडचं झाकण तेलाच्या बाटलीवर होतं. न्हाव्यानं ते केसांच्या लोशनला बसवलं होतं आणि त्याचं गिऱ्हाईक त्यावर खूश होतं. डाव्या शेजारणीनं ते इतकं घासूनपुसून ठेवलं होतं, की देताना तिचा जीव खालीवर झाला. चार मिळाली. फुसाएनं ती घरी आणून फुरोशिकीत, म्हणजे गाठोडं बांधायच्या चौकोनी कापडात गुंडाळली. जाळावीत, तर प्लास्टिकचा वास गल्लीभर जाणार. कचऱ्यात टाकावीत, तर कचरेवाला पिशवी उघडून बघणार. आणि खरं सांगायचं तर मोरिओची पहिली झाकणं होती ती, हात धजावत नव्हता. गाठोडं तिच्या हातपिशवीच्या तळाशी गेलं आणि तिथंच राहिलं.

त्याच सुमाराला गल्लीत करड्या सुटातला एक माणूस दिसू लागला. मितारायी त्याचं नाव. प्रत्येक दारात वाकायचा, मिठाईचा डबा द्यायचा आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंची पाहणी करतोय म्हणायचा. तो बड्या कंपनीचा माणूस होता हे फुसाएला सुगायांनीच सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं तिचं. न्हाव्याच्या दुकानातून तो बाहेर पडताना दिसला, तेव्हा त्याच्या हातात काही आहे का हेच ती बघत राहिली. तो तिलाही वाकून नमस्कार करून गेला.

पाचवं घर समोरच्या इनेआजींचं. तिथं जायचं तिनं शेवटपर्यंत टाळलं होतं. म्हातारी एकटी राहायची. मशीन आल्यापासून ती फुसाएशी धड एक शब्द बोलली नव्हती. धडधडीनं देवघरातली घंटा आपोआप वाजते, म्हणायची, मेलेला नवरा दचकतो. फुसाएनं दारात पांढरं झाकण पुढं केलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलं.

इनेआजींनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. "लाल? मला कुठं दिलं होतंस तू लाल?"

"मशीन यायच्या आधी. कागदात बांधून दिलं होतं, आजी."

"ते होय. टॉवेल असेल म्हणून कपाटात टाकलं होतं." मग त्यांचा चेहरा जरा ओशाळला, आणि या म्हातारीला ओशाळताना फुसाए पहिल्यांदाच बघत होती. "ते नाहीय आता. परवा तो सुटातला आला होता ना, मिठाई घेऊन. एवढा चांगला डबा, आणि माझ्या घरात परत द्यायला काही नाही. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं माणसाला? कपाटातलं ते काढलं, पट्टी बदलली आणि दिलं."

"न उघडता?" तिनं विचारलं.

"कुणाला सांगू नकोस हं," इनेआजी हळू आवाजात म्हणाल्या. "मिळालेली भेट पुढं ढकलली म्हणून गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

फुसाए घरी आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. ज्या एका वस्तूसाठी तो माणूस दारोदार वाकत होता, ती वस्तू म्हातारीनं शिष्टाचार म्हणून, छान बांधून, त्याच्याच हातात दिली होती. आणि तो ती बॅगेत टाकून गेला होता. त्यानं उघडलं असेल? उघडलं असेल तर सुगायांच्या कार्यालयात फोन का नाही आला? आणि नसेल उघडलं, तर कधी उघडेल? मागच्या बाजूला मोरिओचं मशीन धडधडत होतं, आणि आज पहिल्यांदा तिलाही तो आवाज असह्य झाला.

सुनावणीचा दिवस येईपर्यंत फोन वाजला की ती मोरिओच्या आधी धावत जाऊन उचलायची. मोरिओला वाटलं, तोक्योच्या प्रवासाचं टेन्शन आहे. रात्री तो तिला समजावायचा. "आपण कुणाचं काही चोरलेलं नाही. जाऊ, खरं ते सांगू, येऊ." त्याच्या त्या भोळ्या बोलण्यानं तिला रडू यायचं आणि राग यायचा, दोन्ही एकदम.

तोक्योतल्या पेटंट कार्यालयातली खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. समोर तीन परीक्षक, एका बाजूला कंपनीचे वकील आणि त्यांच्या मागे मितारायी, दुसऱ्या बाजूला सुगाया, मोरिओ आणि फुसाए. कागदोपत्री ती कारखान्याची संचालक होती, लहान कारखान्यांत बायका असतात तशी, म्हणून तिलाही टेबलाशी खुर्ची मिळाली. हातपिशवी तिनं मांडीवर ठेवली. कंपनीच्या वकिलांनी जुनी जुनी चित्रं काढली, चहाच्या किटल्यांच्या चोची दाखवल्या, असं झाकण कुणालाही सुचलं असतं म्हणाले. सुगायांनी एकेक चोच मोडून काढली. अगदी निवांतपणे, माशातले काटे काढावेत तसं. मध्ये थोडी सुट्टी झाली तेव्हा त्यांनी मोरिओच्या कानाशी सांगितलं, की असंच चाललं तर आपण जिंकलो. मोरिओ पाणी प्यायला गेला आणि फुसाए बाहेरच्या बाकावर एकटी राहिली.

मितारायी तिच्यासमोर येऊन कमरेत वाकला.

"आमच्या बायकोनं तुमचे आभार मानायला सांगितलंय," तो म्हणाला. "घरचा टेबलक्लॉथ आता डागाळत नाही. लाल रंग बाटलीवर शोभतो म्हणाली."

फुसाएनं हातपिशवी उचलून जवळ घेतली.

"परतभेट मिळाली की मी ती तशीच घरी नेऊन तिला देतो," तो पुढं सांगू लागला. "विसरूनच गेलो होतो. परवा जेवताना बाटली उचलली आणि बघतो तर हे. कुठून आणलंस, विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच तर आणलंत."

"कंपनीत सांगितलंत?"

"अजून नाही. आता आत मला विचारतील, गल्लीत काही सापडलं का. ते दाखवायचं तर त्या आजींना इथं आणावं लागेल, आणि त्यांनी काय केलं ते सगळ्यांसमोर त्यांच्याकडून वदवून घ्यावं लागेल. मिठाई मी नेली म्हणून त्यांनी ते दिलं. माझ्याच डब्यानं त्यांना फासात अडकवायचं. आणि नाही दाखवलं, तर जिथं उभं आयुष्य नोकरी केली तिथं मी खोटा ठरतो. मी तुम्हाला धमकवायला आलो नाही. मला फक्त आभार मानायचे होते, आधी मानायला हवे होते."

तो पुन्हा वाकला आणि आत गेला.

फुसाएनं आता फक्त गप्प बसायचं होतं. बाकीचं तो माणूस बघून घेणार होता, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं आणि ते भीतीपेक्षा जड होतं.

परीक्षकांच्या प्रमुखांनी कागद चाळले. "अर्जाच्या आधीच ही वस्तू लोकांच्या वापरात होती असं तुम्ही लेखी म्हटलं आहे. त्याला काही पुरावा?" कंपनीच्या वकिलांनी मागं वळून पाहिलं. चौकशी मितारायींनी केली आहे, ते सांगतील, असं म्हणाले.

मितारायी उभा राहिला. त्यानं कोटाचं बटण लावलं. हात पँटच्या शिवणीला घट्ट चिकटवले, शाळेतल्या पोरासारखे. तो मोरिओकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. फुसाएनं आयुष्यात कुणाची परतभेट बाकी ठेवली नव्हती. मुळ्याला मुळा, केकला केक, आजारपणात आलेल्या फळांना बरं झाल्यावर साबण. या माणसाच्या भेटीला ती काय परत देणार होती? वर्षाअखेरीला चहाचा डबा? हा आज तिच्यासाठी आपला खरेपणा देऊन टाकणार, आणि ती रोज सकाळी उठून त्याच्या जिवावर पांढरी झाकणं मोजणार. तिला नवऱ्याचं बोलणं आठवलं, की आपण कुणाचं काही चोरलेलं नाही.

"मी दिली होती," ती म्हणाली. उभी कधी राहिली ते तिला कळलं नाही. "त्यांना विचारू नका. मी दिली होती, अर्जाच्या आधी. पाच घरी."

सुगायांनी डोळे मिटले. प्रमुखांनी तिला बसायला सांगितलं, मग पुन्हा म्हणाले, बोला. तिनं पिशवीतलं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. गाठ सुटेना, इतक्या घट्ट बांधलेल्या गाठीला दात लावावे लागले आणि सगळी खोली ते बघत बसली. चार लाल झाकणं पांढऱ्या कागदांवर घरंगळली. ती सांगत गेली: मशीन, नागोया, टोपली, शेजार. पाचवं हरवलं, एवढंच ती म्हणाली. इनेआजींचं नाव तिनं घेतलं नाही, आणि चार पुरेशी असल्यामुळे कुणी पाचव्याची विचारपूस केली नाही. मितारायी अजून उभाच होता. त्याला बसायला सांगावं लागलं.

मोरिओ मात्र झाकणांकडे बघत होता. एक उचलून त्यानं अंगठ्यानं त्याची चीर चाचपली आणि जागेवर ठेवलं.

निकाल लेखी येणार होता, पण तो काय येणार हे इमारतीच्या पायऱ्या उतरतानाच सगळ्यांना माहीत होतं. सुगाया रागावले नाहीत, तेच फुसाएला जास्त लागलं. निरोप घेताना ते एवढंच म्हणाले, की मी तुम्हाला वेगळ्या शब्दांत विचारायला हवं होतं. स्टेशनवर मोरिओनं दोन जेवणाचे डबे घेतले, नेहमीसारखेच, तिच्या आवडीचा ईल मासा असलेला तिच्यासाठी. गाडी सुटली. योकोहामा गेलं तरी तो एक शब्द बोलला नाही. बादल्यांच्या ऑर्डरी आता कुणाकडे मागायच्या, असा विचार करत असेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. आपण याच्या आयुष्यातली एकमेव स्वतःची वस्तू टॉवेलाच्या भावानं वाटून टाकली, हे तिला त्या शांततेत नीट कळलं, आणि माफी मागायला योग्य शब्द तिला सापडेनात.

डब्यातल्या छोट्या बाटलीतून मोरिओनं भातावर सोया सॉस पिळला. थेंब ओघळून त्याच्या चांगल्या पँटवर पडला. त्यानं तो बोटानं पुसला आणि बोटाकडे बघत राहिला.

"त्या पाच घरांत," तो म्हणाला, "कुणाकडे गळलं का?"

फुसाएला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला, आणि समोरचा डबा धूसर झाला.

"नाही," ती म्हणाली. "यासुइंकडे नाही, मासळीवाल्यांकडे नाही. न्हाव्याकडे तर लोशनला लावलं होतं, तिथंही नाही. तोक्योत एका घरी आहे, तिथंसुद्धा नाही गळलं."

"लोशनला?" मोरिओनं विचारलं. थोडा वेळ त्यानं त्यावर विचार केला. मग मान डोलावली आणि जेवायला सुरुवात केली.